दुसऱ्याचे नाव उतरवताना

आपल्या घरात येणारी पहिली मोटारसायकल बहुधा जुनीच असते. नवी घेण्याइतका पैसा एकदम हाती येत नाही. जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाची हौसही दारात येते. टाकीवर आडनाव, मडगार्डवर ‘किंग’, बाजूला कुणाच्या तरी लेकरांची नावे. बंधू-भगिनींनो, हे स्टिकर काढणे म्हणजे पोरखेळ वाटेल. पण घाईने काढले तर गाडीचा रंग जातो, आणि रंग गेला की घामाच्या पैशाची किंमतही उतरते.

मी शिवणकाम करते. माझ्या मुलाने आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केला. कामे मिळू लागली, पण ती आसपासच्या खेड्यांत. एसटीच्या वेळा सांभाळून कामावर पोचणे जमेना. बचत गटाचे कर्ज आणि ब्लाऊज शिवून साठवलेले पैसे मिळून ३२ हजारांत आम्ही काळी गाडी घेतली. तिच्या टाकीवर दोन्ही बाजूंना आधीच्या मालकाचे आडनाव पिवळ्या ठसठशीत अक्षरांत होते. मुलगा जाईल तेथे पहिला प्रश्न, “गाडी कोणाची आणलीस रे?” ‘माझीच’ म्हटले की लोक टाकीकडे बघून हसत. एके रात्री तो म्हणाला, “आई, हप्ता आपण भरतो, आणि गाव म्हणतं मागून आणली.”

त्याला मी आधी कागदाचे विचारले. स्टिकरवरचे नाव नंतर, आरसी बुकावरचे नाव आधी उतरले पाहिजे. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत द्यावे लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकत घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतर कळवायचे असते. विम्यावरही आपले नाव चढवून घ्यावे. ते सारे झाल्यावरच आम्ही टाकीला हात लावला.

मुलगा ब्लेड घेऊन बसला होता. मी ते ठेवायला लावले. आमच्या गल्लीतल्या एका गाडीचे स्टिकर ब्लेडने खरवडलेले मी पाहिले होते. नाव गेले, पण ओरखडे पत्र्यापर्यंत पोचले आणि पावसाळ्यात तेथे गंज धरला. रंगाचा थर दिसतो जाड, असतो केसाएवढा. त्यावरचे चमकदार लॅकर त्याहूनही पातळ.

खरे तर ही विद्या आपल्या बायकांना ठाऊकच आहे. नव्या स्टीलच्या ताटाचे लेबल आपण ताट गरम करून काढतो. आरशावरच्या टिकलीचा डिंक खोबरेल तेलाने पुसतो. कॉलरचा पेस्टिंगचा बकरम चुकीचा बसला तर इस्त्री फिरवून गरम असतानाच सोडवते. डिंक उष्णतेने मऊ होतो, तेलाने सुटतो. गाडीलाही हेच लागू.

आधी स्टिकरच्या कडेवर नख फिरवून पाहावे. कड नखाला लागली तर स्टिकर रंगाच्या वर आहे, निघेल. कड लागलीच नाही तर ती कंपनीची नक्षी लॅकरच्या खाली आहे. ती रंग काढल्याशिवाय निघत नाही, तिच्या नादी लागू नये.

मग गाडी सावलीत उभी करून शाम्पूच्या पाण्याने धुवावी. धूळ राहिली तर फडक्याखाली तीच ओरखडे काढते. पेट्रोलचा कॉक बंद, टाकीचे झाकण घट्ट, जवळ चूल किंवा बिडी नको. हेअर ड्रायर वापरणारे वापरतात, पण पेट्रोलच्या टाकीजवळ मला गरम पाण्याचा टॉवेलच बरा वाटला. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून दोन-तीन मिनिटे दाबून धरला. कोपरा नखाने उचलला आणि स्टिकर उलटा दुमडून, टाकीला जवळजवळ चिकटूनच, सावकाश ओढला. सरळ वर ओढला की तो तुटतो. उन्हाने कडक झालेल्या जुन्या स्टिकरचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला पुन्हा टॉवेल द्यायचा. मडगार्डवरचे जाड ‘किंग’ मी नायलॉनचा दोरा मागून सरकवत कापून काढले.

राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटे थांबावे आणि जुन्या बनियनच्या फडक्याने पुसावे. हट्टी डिंकाला नीलगिरीचे तेल चालते. ते आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. तेलाचा थेंब टायरवर किंवा ब्रेकवर पडू देऊ नये, ब्रेक लागणार नाही. शेवटी साबणाने धुवावे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पॉलिश पेपर आणि तारेची घासणी यांना जवळ फिरकू देऊ नये. गाडी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेली असेल तर थिनरने तो रंगच विरघळून फडक्यावर येऊ शकतो. टायरच्या हवेचे आणि चेनच्या सूचनेचे लेबल तसेच ठेवावे. नंबर प्लेटवरच्या अशोकचक्राच्या होलोग्रामला नख लावू नये.

आम्हा मायलेकांना दोन तास लागले. नाव निघाले, पण त्याची सावली राहिली. स्टिकरखालच्या रंगाला ऊन लागलेले नसते, म्हणून अक्षरे गडद दिसतात. मऊ पॉलिशने ती थोडी फिकी होतात. फार घासले तर लॅकर संपते. आम्ही थोडके घासून थांबलो. उरलेले काम ऊन करील.

त्या जागी मुलाने काही चिकटवले नाही. आता जवळ येऊन तिरपे पाहिले तरच अक्षरे दिसतात, आणि एवढे जवळून कुणी पाहत नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका आजींनी त्याला बोलावणे पाठवले. निरोप्याला त्यांनी खूण सांगितली होती, “तो काळ्या गाडीवाला वायरमन.”