हॉलंडच्या वाटेवरचा उलटा बाण

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला गावात तीन प्रश्न ठरलेले असतात : जेवायला काय मिळाले, थंडी किती होती आणि खर्च किती आला. २०१८ च्या एप्रिल महिन्यात आमच्या नाशिक भागातले बारा द्राक्ष आणि कांदा बागायतदार व त्यांच्यासोबत मी, असे तेरा जण आठ दिवस नेदरलँड्स म्हणजे आपले हॉलंड पाहून आलो, तेव्हा आम्हालाही हेच विचारले गेले. त्या प्रवासातली एक हकीकत मात्र कोणी विचारली नाही आणि सांगायची राहून गेली. आता खेड्यापाड्यांतली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर देशी जाऊ लागली आहेत. त्यांच्या घरी ती उपयोगी पडेल म्हणून आज सांगतो.

आमचे विमान थेट हॉलंडला जाणारे नव्हते. वाटेत युरोपातल्याच दुसऱ्या एका देशात विमान बदलायचे होते. युरोपातल्या बऱ्याच देशांनी आपापसातल्या सीमा खुल्या ठेवल्या आहेत. या गटाला शेंगेन म्हणतात. गटातल्या ज्या देशात आपले पहिले पाऊल पडेल, तिथेच पासपोर्ट तपासून प्रवेशाचा शिक्का मारीत. पुढे गटातल्या दुसऱ्या देशात जाताना नवा शिक्का नसे. आम्ही पहाटे उतरलो, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, आणि रांग तर वारीतल्या दर्शनबारीसारखी लांब. गटाचा प्रमुख मी. माझी सूचना एकच होती, "पासपोर्ट हातात मिळाला की खिशात घाला आणि पुढे व्हा. दुसरे विमान चुकायला नको." चुकीची सुरुवात इथे, माझ्याच तोंडून झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही आल्समेरचा फुलांचा लिलाव पाहायला गेलो. एवढे मोठे छप्पर आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. खाली फुलांनी भरलेल्या गाड्यांच्या माळाच्या माळा धावत होत्या. तिथला लिलाव आपल्या उलट चालतो. लासलगावला बोली खालून वर चढते, तर तिथे घड्याळाचा काटा वरच्या भावापासून खाली उतरत जातो आणि जो पहिला बटण दाबील त्याला माल मिळतो. जास्त थांबले तर माल दुसऱ्याचा, घाई केली तर पैसे जास्त. आपल्या मावळातला गुलाबही हॉलंडच्या बाजारात येतो, हे ऐकून मंडळींची छाती फुगली.

संध्याकाळी मुक्कामी आल्यावर नोंदवहीसाठी मी सर्वांचे पासपोर्ट गोळा केले आणि सहज शिक्के पाहू लागलो. शिक्का चौकोनी. त्यात देशाचे अक्षर, मध्ये तारीख, खाली ठिकाणाचे नाव, विमानाचे छोटेसे चित्र आणि एक बाण. आत येणाऱ्याच्या शिक्क्यात बाण चौकटीच्या आत शिरतो, बाहेर जाणाऱ्याच्या शिक्क्यात तो बाहेर पडतो आणि चौकटीचे कोपरेही गोलसर असतात. बारा पासपोर्टांवर बाण आत शिरला होता. तेराव्यावर तो बाहेर पडत होता. तो पासपोर्ट नानांचा होता.

नाना आमच्यातले सर्वांत वडीलधारे, पासष्टीचे. आदल्या दिवशी युरोपात पाऊल ठेवले आणि कागदाने त्यांना त्याच दिवशी बाहेर काढले होते. दोन्ही शिक्के खिडकीतल्या अधिकाऱ्याच्या हाताशी असतात. रात्रपाळीच्या माणसाचा हात चुकीच्या शिक्क्यावर पडला असावा.

मी नानांना बोलावून दाखवले. ते हसले. "जाऊ द्या ना साहेब, एवढ्याशा बाणानं काय होतंय? मी तर इथं तुमच्यासमोर बसलोय."

पण गोष्ट तेवढी सोपी नव्हती. त्यांच्या व्हिसावर एकाच प्रवेशाची परवानगी होती. शिवाय तेव्हा शेंगेनचा नियम असा होता, की पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का नसेल तर हा माणूस मुदतीपेक्षा जास्त राहिला असे अधिकारी धरून चालू शकत. तसे नाही, हे पुराव्याने पटवायचे काम प्रवाशाचे. आणि नानांना पुन्हा यायचे होते. त्यांनी बागेचा तुकडा निर्यातीसाठी नोंदवला होता आणि पुढच्या फेब्रुवारीत बर्लिनला भरणारा फळांचा मोठा व्यापारमेळा पाहून स्वतः गिऱ्हाईक गाठायचा त्यांचा बेत होता. नावावर मुदतभंगाचा डाग लागला तर पुढचा व्हिसा अडला असता.

आमच्यातल्या एका तरुणाने तोड काढली, "पेनाने बाणाचं टोक फिरवू." मी त्याच्या हातून पेनच काढून घेतले. पासपोर्टवरची नोंद आपल्या हाताने बदलणे हा आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. चूक दुसऱ्याची होती, पण टोक फिरवले असते तर गुन्हा आमचा झाला असता.

रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चुकले की "बघू पुढं" म्हणून दोन-दोन पिढ्या काढतात आणि वाटणीच्या वेळी भावकीत डोकी फुटतात. महसूल कायद्याच्या १५५ कलमाखाली लेखनातली चूक तहसीलदाराकडून दुरुस्त करून घेता येते, वेळेवर अर्ज तेवढा हवा, असे मी स्वतः गावोगाव सांगत आलो. आता माझ्याच गटातल्या माणसाचा कागद चुकला होता आणि "बघू पुढं" म्हणण्याचा मोह मलाच होत होता.

सकाळी मुंबईच्या प्रवास-दलालाला फोन लावला. तो म्हणाला, "काही होत नाही, बिनधास्त राहा." मग आपल्या वकिलातीत विचारले. तिथून सौम्यपणे पण स्पष्ट उत्तर आले, की दुसऱ्या देशाने मारलेला शिक्का आपली वकिलात दुरुस्त करू शकत नाही. ज्यांनी मारला त्यांनाच भेटा, आणि आल्याचे पुरावे गोळा करून ठेवा.

मग शोधाशोध सुरू झाली. मुंबई सोडल्याचा आपल्या देशाचा शिक्का नानांच्या पासपोर्टवर स्वच्छ उमटला होता, हा पहिला पुरावा. दुसरा विमानाचा बोर्डिंग पास, आणि तो सापडेना. नानांनी पिशवी उलटी केली, कोटाचे खिसे झटकले. शेवटी बंडीच्या आतल्या खिशातून एक पुडी निघाली. मुंबईहून आलेल्या विमानाच्या बोर्डिंग पासात नानांनी सुपारीची खांडे गुंडाळून ठेवली होती! नाव, तारीख, विमानाचा क्रमांक, सगळे शाबूत. मुक्कामाची नावानिशी पावतीही त्याला जोडली.

त्या दिवशी रॉटरडॅमचे बंदर पाहिले. नाशिकची द्राक्षे समुद्रमार्गे युरोपात जातात ती मोठ्या प्रमाणावर याच बंदरातून. शीतगृहात आपल्या द्राक्षांच्या पेट्या रचलेल्या होत्या. २००६ पासून आपल्याकडे ग्रेपनेट सुरू झाले. त्यात बागेची नोंदणी होते आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. तिथल्या माणसाने सांगितले, की कागदावरचा आणि पेटीवरचा क्रमांक जुळला नाही तर द्राक्षे कितीही गोड असोत, ती जागची हलत नाहीत. नाना बराच वेळ पेट्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, म्हणजे आता मी पण अडकलेली पेटीच की!" त्यानंतर "जाऊ द्या" हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

पुढच्या दिवसांत वेस्टलँडची काचघरे पाहिली. मातीशिवाय वाढलेले टोमॅटो आणि परागीभवनासाठी सोडलेले गुबगुबीत भुंगे पाहून सगळे चकित झाले. फ्लेव्होलँडला गेलो. १९३२ साली ३२ किलोमीटरचा बांध घालून हॉलंडने समुद्राचा फाटा तोडला आणि पुढे तिथेच पाणी उपसून जमीन काढली. समुद्राच्या पातळीखालच्या त्या रानात कांदा पिकतो आणि परदेशच्या बाजारात आपल्या कांद्याशी टक्कर देतो. एरवी नानांनी वखारीतल्या कांद्यावर शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यांचा हात पुन्हापुन्हा बंडीच्या खिशाकडे जात होता.

परतताना विमान बदलायचे ते त्याच विमानतळावर. मी मुद्दाम लवकरचे विमान घेऊन हाताशी पुरेसा वेळ ठेवला. रांगेत उभे राहण्याआधीच आम्ही दोघे अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. एक मध्यमवयीन बाई होत्या. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, "आमच्या या वडीलधाऱ्यांना येताना जाण्याचा शिक्का बसला आहे. हे पुरावे पाहा." त्यांनी शिक्का पाहिला, बोर्डिंग पास उजेडात धरला, त्याला सुपारीचा वास आला तेव्हा किंचित हसल्या, आणि संगणकावर बसल्या. चाळीस मिनिटे गेली. बाकीची मंडळी पुढे गेली होती. नाना भिंतीशी हात जोडून उभे होते, जणू कोर्टात.

अखेर बाईंनी शिक्क्याजवळ प्रवेशाची खरी तारीख आणि ठिकाण लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि तसा एक छापील कागदही दिला. म्हणाल्या, चूक आमची होती, तुम्ही आधी सांगितलेत हे बरे केले. नानांनी पिशवीतून घरच्या बेदाण्यांची पुडी काढून पुढे केली. बाईंनी मान हलवली, घेता येत नाही म्हणाल्या, पण नानांना वाकून नमस्कार केला.

२०१९ च्या फेब्रुवारीत नाना बर्लिनला जाऊन आले. व्हिसाच्या अर्जाला त्यांनी त्या कागदाची नक्कल जोडली होती.

आता युरोपातली ही रीत बदलली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी नोंदणी सुरू झाली. शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन येणे-जाणे संगणकात लिहायचे, आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने ते सगळ्या सीमांवर न्यायचे, असे ठरले. म्हणून चुका संपतील असे समजू नका. आपला सातबारा संगणकावर गेला तेव्हाही चुका झाल्या आणि त्यासाठी अर्ज करावे लागलेच. संगणकातली चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क प्रवाशाला तिथेही आहे. जगात अजून अनेक देशांत शिक्काच चालतो.

म्हणून घरातले कोणी परदेशी निघाले तर एवढे सांगा. पासपोर्ट हातात आला की खिडकी सोडण्याआधी शिक्का वाचावा : तारीख, आत की बाहेर, आणि किती दिवसांची परवानगी. चूक दिसली तर तिथल्या तिथे, नम्रपणे दाखवावी. नंतर दिसली तर स्वतः खाडाखोड करू नये. परत घरी येईपर्यंत प्रवासाचा एकही कागद फेकू नये, आणि निघताना विमानतळावर वेळ हाताशी ठेवून पोचावे.

मुंबईला उतरलो तेव्हा नाना आमच्या रांगेत सर्वांत पुढे होते. शिक्का बसला, पण ते खिडकीपुढून हलेनात. मागच्यांची कुरकुर सुरू झाली. नानांनी चष्मा पुसला, पासपोर्ट डोळ्यांजवळ धरला आणि मागे न पाहताच म्हणाले, "थांबा हो जरा. वाचू द्या मला."