आलेला आकडा

जुगारी माणसाची आठवण काढावयाची ती बहुधा दुसऱ्यास शहाणपण शिकविण्याकरितां, असा प्रघात आहे. आम्हांस तसें करतां येत नाहीं. ज्या जुगाऱ्याची ही आठवण आहे त्याचें आम्ही देणें लागतों, आणि तें देणें अठरा रुपयांचें आहे.

मुकुंदवाडी आज छत्रपति संभाजीनगराच्या पोटांत गडप झाली आहे. आम्ही सांगतों तो काळ १९८४-८५ चा. शहराचें नांव तेव्हां औरंगाबाद होतें. जालना रस्त्याच्या अंगाला सिडकोची नवी वसाहत वाढत होती, पलीकडे चिकलठाण्याचे कारखाने होते, आणि मधल्या या जुन्या गांवांत खेड्यापाड्यांतून आलेले कामगार भाड्याच्या खोल्या घेऊन राहत. मनमाडहून काचीगुड्याकडे जाणारी मीटरगेज गाडी जवळून धापा टाकीत जाई. रुळांच्या बाजूस एका पत्र्याच्या खोलींत तीन कॅरम मांडलेले असत. दारावर पाटी नव्हती. लोक त्या खोलीस ‘क्लब’ म्हणत. आम्ही त्या वेळीं आठवीच्या वर्गांत होतों, आणि शाळा सुटल्यावर तेथें उभे राहून गुण मोजण्याचें काम आपण होऊन करीत होतों.

बिलियर्ड हा साहेबलोकांच्या क्लबांतला खेळ. हिरव्या बनातीचें तें टेबल मुकुंदवाडींत कोणीं पाहिलें असणार? परंतु पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ सालीं कलकत्त्यास त्या खेळांत हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले, हें क्लबांतले मास्तर मोठ्या अभिमानानें सांगत. मास्तर हे शिक्षक नव्हते. एका कारखान्यांत ते लेथवर काम करीत. मास्तर ही पदवी त्यांच्या हातास मिळाली होती. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक तांबडी राणी, एवढाच गरिबाच्या बिलियर्डचा संसार. परंतु मास्तर बोरिक पावडरीची चिमूट टाकून तळहातानें फळी पुशीत, कोणती सोंगटी कोणत्या खिशांत जाणार तें अगोदर सांगत, आणि मग सहज टिचकी मारावी तसा स्ट्रायकर सोडीत. सोंगटी सांगितलेल्या ठिकाणीं जाई. ती तेथें गेल्याचें आश्चर्य त्यांस स्वतःला कधीं वाटलेलें आम्हांस आठवत नाहीं.

हरणाऱ्यानें फळीचें भाडें द्यावयाचें, हा क्लबाचा मूळ नियम. पुढें भाड्यावर चहा चढला, चहावर रुपया चढला, रुपयाचे पांच झाले. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदीचा कायदा केवळ कौशल्याच्या खेळास लागू नाहीं, असें कोणा वकिलाच्या कारकुनानें तेथें सांगून ठेविलें होतें. त्यामुळें सर्वांचें मन स्वच्छ होतें. कायद्याचें तें कलम खरें आहे. परंतु कौशल्यास एक शाप आहे, तो कोणत्याच कलमांत लिहिलेला नाहीं. ज्याचा हात सर्वांस ठाऊक झाला त्याच्याशीं पैज लावणार कोण? वर्षभरांत मास्तरांशीं पैशानें खेळावयास एकही माणूस उरला नाहीं. पैजेची चटक मात्र उरली होती, आणि तिला बोलावणारी टपरी क्लबाला लागूनच होती.

त्या टपरींत मटक्याचा आकडा घेत. मुंबईस प्रथम न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील भावांच्या आंकड्यांवर पैसे लावीत. तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ सालीं कल्याणजी भगत यांनीं वरळीचा मटका सुरू केला आणि १९६४ पासून रतन खत्री यांनीं आपला निराळा चालविला. मडक्यांतून चिठ्ठी काढण्याची रीत जाऊन पत्ते आले, तरी नांव मटकाच राहिलें. तीन पत्ते ओढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा तो ओपन; पुन्हां तीन ओढून येईल तो क्लोज; दोन्ही मिळून जोडी. आंकडे दहा, आणि साधारणपणें एका रुपयास मिळावयाचे नऊ. म्हणजे दहा रुपयांतला एक, कोणाचाही आकडा येवो, मालकाचा. हें गणित आठवीच्या मुलास समजतें. लेथवर सुताइतकाही फरक न चुकणाऱ्या मास्तरांस तें समजत नसेल काय? परंतु स्वप्नांत दिसलेलें सापाचें वेटोळें किंवा एस.टी.च्या पाठीवरचा क्रमांक पाहून ते आकडा ठरवीत, आणि चिठ्ठी व दोन रुपये आमच्या हातीं देऊन टपरीवर धाडीत. स्वतः जाण्यास त्यांस लाज वाटे.

एके दिवशीं आम्ही एक रंगलेला डाव पाहत राहिलों आणि चिठ्ठी खिशांतच राहिली. मास्तरांचा आकडा आला नाहीं. आम्हांस चोरी करावयाची नव्हती. पैसे परत द्यावेत तर चूक सांगावी लागेल, एवढ्याच भीतीनें ते राहिले. दुसऱ्या वेळीं मात्र आम्हीं चिठ्ठी जाणूनबुजून ठेवून घेतली. असें पांच वेळां झालें. त्या पैशांतून आम्हीं एक स्ट्रायकर विकत घेतला. जुगारांत पैसा कोणास मिळतो हें आम्हांस तेव्हां कळलें: जो खेळत नाहीं आणि हरणाऱ्याचें ठेवून घेतो, त्यास.

सहाव्या वेळीं आकडा आला. दोन रुपयांचे अठरा द्यावयाचे होते, आणि आमच्यापाशीं होता तो स्ट्रायकर. रात्रभर झोंप लागली नाहीं. सकाळीं आम्हीं सारें सांगून टाकलें व तो स्ट्रायकर मास्तरांपुढें ठेविला. एक थप्पड बसेल अशी आमची खात्री होती, किंबहुना ती बसावी असेंच वाटत होतें. त्यांनीं स्ट्रायकर बोटांवर तोलून पाहिला, “वजन बराबर हाय” असें म्हणून तो परत केला, आणि मग अगदीं हळू विचारलें, “पण आकडा आल्ता ना रे, पोरा? आपलाच आल्ता ना?”

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मारापेक्षां तो आनंद आम्हांस अजून झोंबतो.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांत संवाहक नांवाचा एक जुगारी आहे. दहा मोहरांचें देणें चुकवावयास तो देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो. परंतु सावकार समोर बसून फांसे खुळखुळवूं लागतांच त्यास राहवत नाहीं आणि मूर्ति खालीं उतरते. मास्तरांचें तसेंच झालें. न मिळालेले अठरा रुपये त्यांच्या कानांत खुळखुळूं लागले. आपलें दैव उघडलें होतें, केवळ चिठ्ठी पोंचली नाहीं, असें ते टपरीवर ज्याला त्याला सांगत. आमचें नांव त्यांनीं कधीं घेतलें नाहीं. आतां ते स्वतः जात, आणि दोन रुपयांचा ओपन सोडून दहांची जोडी लावीत. पगाराच्या दिवशीं त्यांची बायको कडेवर मूल घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राही. आंत येत नसे. तिचा निरोप आम्ही नेत होतों. “आलोच म्हणावं,” एवढें मास्तर म्हणत, आणि येत नसत. पुढल्या दिवाळीच्या आधीं खोली सोडून तें कुटुंब गांवीं गेलें.

तो क्लब आतां नाहीं. तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर खेळत, आणि तेथेंही कौशल्य कोणतें व दैव कोणतें हा वाद वर्षानुवर्षें चालला. २०२५ सालीं संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, असा भेद न करतां, बंदी केली. तें वाचून आम्हांस मास्तर आठवले. त्यांच्या हातांत कौशल्य होतें आणि खिशांत दैव होतें. त्या दोहोंतला भेद त्यांच्याइतका कोणास ठाऊक असणार? पांच हरलेल्या चिठ्ठ्यांचे दहा रुपये आम्हीं खाल्ले होते, त्यांविषयीं त्यांनीं एक शब्दही विचारला नव्हता. हिशेब त्यांनीं ठेविला तो एका आलेल्या आकड्याचा, आणि तो त्यांस आम्हीं पुरविला होता.