चालते म्हणजे निर्धोक नव्हे

घरातील जुन्या वस्तूंना आपण एक प्रकारचे वडीलपण बहाल करीत असतो. आजोबांचा अडकित्ता किंवा देवघरातील समई यांची कोणी परीक्षा घेत नाही. त्या आहेत आणि असाव्यात, एवढेच त्यांच्याविषयी आपले म्हणणे असते. अडकित्त्याच्या बाबतीत ही श्रद्धा निरुपद्रवी आहे. परंतु जिच्या पोटात वीज खेळते अशा एका वस्तूविषयीही आम्ही हीच श्रद्धा बाळगली, आणि ती आम्हांस केवढ्याला पडली असती हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आमचे थोरले बंधू अण्णा नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत होते. १९९६ साली ते परतले तेव्हा त्यांच्या सामानात व्हॉल्व्हचा एक हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर होता. तेथील कोणा हौशी गृहस्थाने तो स्वतःच्या हाताने बांधलेला. काळ्या पत्र्याची पेटी, वर काचेचे तीन व्हॉल्व्ह आणि त्यांतून पाझरणारा तांबूस उजेड. रात्री घर निजले म्हणजे अण्णा व वहिनी आळीपाळीने हेडफोन लावून हिराबाई बडोदेकरांचे, कुमार गंधर्वांचे गाणे ऐकत. एकत्र कुटुंबात दहानंतर गाणे ऐकावयाचे तर दुसरा मार्ग तरी कोणता?

अण्णा गेल्यावर दोन वर्षे पेटी कपाटावर कापड पांघरून पडली होती. गेल्या श्रावणात एके सायंकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ती पेटी एकदा लावून द्याल का?" एवढेच. आम्ही तत्परतेने पेटी उतरविली, धूळ पुसली, प्लग लावला. क्षणभरात व्हॉल्व्ह उजळले, गाणे सुरू झाले, आणि जुने ते सोने या विषयावर आम्ही घरातील मुलांस एक लहानसे व्याख्यानही दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी वहिनी सहज बोलून गेल्या, "हात ओला असला की त्या पेटीला लागल्यावर बोटांना झिणझिण्या येतात. पण ते पूर्वीपासूनच आहे. एखादे दिवशी येतात, एखादे दिवशी नाही."

"मग कधी बोलला कशा नाहीत?"

"बोलले होते. तेव्हा तुम्हीच हसून म्हणालात, वहिनी, तो संधिवात असेल."

आम्हांस आमचे ते वाक्य आठवले, आणि घोट घशात अडकला. त्याच दिवशी पेटी घेऊन आम्ही व आमचा पुतण्या श्रीधर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीनजीकच्या एका वृद्ध मेकॅनिकांकडे गेलो. व्हॉल्व्हच्या रेडिओंवर त्यांचे उभे आयुष्य गेले आहे.

"चालते आहे, फक्त झिणझिण्या येतात," आम्ही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "साहेब, चालते हे कानाने कळते. निर्धोक आहे हे मीटरने कळते."

त्यांनी प्रथम पेटी विजेस जोडलीच नाही. तळ उघडला, आणि एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्या हाताने मीटरची टोके आतील मोठ्या कंडेन्सरला लावली. प्लग काढल्यावरही या कंडेन्सरमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट बराच वेळ साठून राहू शकतात. एक हात मागे एवढ्यासाठी, की चुकून धक्का बसलाच तर प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, जाऊ नये. शिल्लक राहिलेला भार त्यांनी एका रेझिस्टरमधून हळूहळू उतरविला. पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे.

मग दोष एकेक करून पुढे आले. प्लग दोन पिनांचा, म्हणजे पेटीस अर्थिंग नाहीच. विजेची एक तार व पत्र्याची पेटी यांच्यामध्ये एक लहान कंडेन्सर जोडलेला. प्लग एका बाजूने लावला की तो कंडेन्सर फेजशी जोडला जाई, उलट लावला की न्यूट्रलशी. वहिनींच्या 'एखादे दिवशी'चा उलगडा येथे झाला! शरीरास जाणवणाऱ्या झिणझिण्या साधारण एक मिलिअँपियरच्या आसपासच्या असतात. दहा-वीस मिलिअँपियरला धरलेली वस्तू सुटेनाशी होते. तो जुना कंडेन्सर आतून एकदा शॉर्ट झाला असता, म्हणजे झिणझिण्यांचे पुढे काय झाले असते, हे सांगावयास नको.

दुसरा दोष अधिक भयंकर. या प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह आणि हेडफोन यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. व्हॉल्व्हच्या टोकावरील शंभराच्या घरातील व्होल्ट अडविण्यास केवळ एक कंडेन्सर असतो. सिरीज बोर्डवरील जुन्या तारेच्या बल्बमधून पेटीस वीज दिली. आत शॉर्ट असता तर बल्ब भडकून पेटला असता. तो मंद राहिला. मग हेडफोन न लावताच त्यांनी त्याच्या भोकात मीटर धरले. एका बाजूस काही मिलिव्होल्ट दिसले, ते ठीक. दुसऱ्या बाजूस चार व्होल्ट! तो कंडेन्सर पाझरू लागला होता, आणि त्याच्या पलीकडे वहिनींचा कान होता.

शिवाय एकशेदहा व्होल्ट देणारा आमचा ट्रान्सफॉर्मर एकाच वेटोळ्याचा निघाला. तो व्होल्ट कमी करतो, परंतु घरच्या विजेपासून पेटीस अलग करीत नाही.

दुरुस्तीस आठवडा लागला. तीन पिनांची तार आली व अर्थिंग पेटीस स्क्रूने आवळले गेले. फेजवर फ्यूज बसला. संशयित कंडेन्सर सर्व बदलले, विजेच्या तारेवरचा त्याच कामासाठी बनविलेल्या सुरक्षित जातीचा घातला. ट्रान्सफॉर्मर दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा आला. घरात आरसीसीबी आहे असे आम्ही अभिमानाने सांगितले, तेव्हा मेकॅनिक म्हणाले, "असावाच. पण पेटीच्या आत ट्रान्सफॉर्मरपलीकडे जे व्होल्ट आहेत, त्यांचा धक्का त्याला दिसत नाही."

ज्यांच्या घरी असा जुना अ‍ॅम्प्लिफायर अथवा रेडिओ असेल त्यांस आमची विनंती अशी: तो सुरू करण्यापूर्वी जाणत्याकडून तपासून घ्यावा; स्वतः तळ उघडू नये; आणि घरातील कोणी झिणझिण्या येतात म्हटले, तर त्यास हसू नये. आमच्या घरात त्या पेटीची खरी परीक्षा एकाच व्यक्तीने केली होती, आणि तिचे म्हणणे आम्ही इतकी वर्षे संधिवातात जमा केले होते.

पेटी घरी आली त्या रात्री आम्ही वहिनींपाशी आमची चूक कबूल केली. त्या काही बोलल्या नाहीत. तांबूस उजेड आला, त्यांनी मीटरचा कौल श्रीधरकडून पुन्हा एकदा ऐकून घेतला, पेटीवर मुद्दाम ओले बोट ठेवून पाहिले, आणि मगच हेडफोन कानास लावला. आम्ही दिवा मालवून बाहेर आलो. असो.