बैलोबा किती वेळ चालला?

दोन पिवळ्या गिअर मोटारी, दोन चाकं, पुढे एक फिरकं चाक, प्लायवूडचा तुकडा आणि चार पेन्सिल सेल. एवढ्या सामानात घरच्या घरी छोटा रोव्हर तयार होतो. आमच्या सातवीतल्या कन्येनं दिवाळीच्या सुट्टीत तो बनवला. कौतुक झालं, पण खरा प्रश्न पुढेच होता. शाळेचं विज्ञान प्रदर्शन अकरा ते चार. टेबलाजवळ प्लग नाही आणि चार्जिंगच्या सेलचा संच एकच. मग रोव्हर पाच तास चालेल का?

कागदावर उत्तर झटकन निघालं. सेलवर २००० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं होतं. मल्टिमीटर लावून पाहिलं, तर गुळगुळीत फरशीवर दोन्ही मोटारी मिळून ४०० मिलिअँपिअर घेत होत्या. २००० भागिले ४००, म्हणजे बरोब्बर ५ तास! शेजारचे काका म्हणाले, "मग लिही की चार्टवर पाच तास! कोण मोजायला येतंय?"

"पण काका, तो अजून पाच तास चाललाच नाहीये," कन्या म्हणाली.

झालं! रविवारी आमची वरात गच्चीवर. पाच तास सरळ पळायला जागा कुठून आणायची? तिनं वाळू भरलेली बाटली मधोमध ठेवली, तिच्या गळ्यात सैल कडी घातली आणि एक मीटर दोरीनं रोव्हर तिला बांधला. तो तेलघाण्याच्या बैलासारखा गोल फिरू लागला आणि त्याचं नाव पडलं बैलोबा. एक फेरी म्हणजे सव्वासहा मीटरच्या थोडं वर. दर दहा मिनिटांनी एका फेरीची वेळ घ्यायची आणि वहीत लिहायची.

आधी साधे, स्वस्त सेल घातले. पहिली फेरी १८ सेकंदांची, अर्ध्या तासानं ३० सेकंदांची. पन्नासाव्या मिनिटाला बैलोबा बसला. गंमत म्हणजे चहा होईपर्यंत तसाच ठेवला, तर गडी पुन्हा सात-आठ मिनिटं चालला! साध्या सेलमधून जास्त वीज भराभर खेचली, की आतली रासायनिक क्रिया मागे पडते. विश्रांती मिळाली की ती थोडी सावरते. घरातला जुना टॉर्च थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावून पाहा, हाच प्रकार दिसेल.

मग चार्जिंगचे सेल घातले. यांची तऱ्हा निराळी. १८, १९, १९, पुन्हा १९. तीन तास वहीत तोच आकडा! मी दोनदा कंटाळून खाली गेलो, कन्या हलली नाही. आणि मग एकदम २६. मल्टिमीटरवर चारही सेल मिळून ४ व्होल्ट दिसले, तसा तिनं बटण बंद केलं. असे सेल पार रिकामे होईपर्यंत वापरले, तर एखाद्यात वीज उलटी शिरते आणि तो खराब होतो.

वेळ झाली ३ तास ४० मिनिटं.

उरलेले ८० मिनिटं गेली कुठे? गच्चीचा कोबा खडबडीत, दोरीची ओढ वेगळी, त्यामुळे मोटारींनी फरशीवरच्यापेक्षा जास्त वीज घेतली. सेल दोन वर्षांचे जुने, छापील आकडा नव्या सेलचा. आणि तळाचा थेंब आपण मुद्दामच काढला नाही.

तिचा चेहरा पडला, हे खरं. मग आम्ही हिशेब केला. जवळजवळ ६९० फेऱ्या, म्हणजे सव्वाचार किलोमीटर! १९९७ मध्ये मंगळावर उतरलेला सोजर्नर ८३ मंगळदिवसांत शंभर मीटरच्या आसपास फिरला. २०२३ मध्ये आपला प्रज्ञान चंद्रावर शंभर मीटरच्या थोडा पुढे गेला. अर्थात, त्यांच्या वाटेवर धोंडे होते, खड्डे होते आणि ढकलायला कुणी नव्हतं. वीज जपून वापरायची, थांबत थांबत जायचं, ही त्यांची रीत. तीच बैलोबानं उचलली. समोर कुणी आलं तरच चालायचं, एरवी बटण बंद.

चार्टवर तिनं लिहिलं, "३ तास ४० मिनिटे, गच्चीवर मोजलेले." प्रदर्शनात बाईंनी विचारलं, "गणितानं तर पाच येतात ना?" तिनं वहीच पुढे केली. बाई बराच वेळ आकडे वाचत राहिल्या. चार वाजले तेव्हा बैलोबा चालत होता.

आता तिला थंडीत सेलची ताकद किती कमी होते ते मोजायचंय. जानेवारीत, पहाटे साडेपाचला, गच्चीवर. दोरी ती आणणार आहे, घड्याळ धरायला माझं नाव परस्पर लिहिलंय.