जत्रेची गर्दी आणि पेठेची वर्दळ

आमच्या घरीं एक जमाखर्चाची वही आहे. घरोघर संगणक आले, देण्याघेण्याचे व्यवहार खिशांतल्या फोनवर होऊं लागले, तरी आमच्या सौभाग्यवतींनीं ही वही सोडलेली नाहीं. रात्रीं स्वयंपाकघर आवरलें कीं चष्मा लावून त्या दिवसाचा खर्च मांडावयाचा, हा त्यांचा नेम लग्नापासून अखंड चालला आहे. आम्हीं या वहीची पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु २०२५ सालीं एका अशा प्रश्नाचा उलगडा या वहीनें आम्हांस करून दिला कीं, ज्यावर परदेशच्या अर्थशास्त्र्यांनीं ग्रंथ लिहिले आहेत. शहरांत भव्य क्रीडांगण किंवा करमणुकीचें मोठें स्थान उभारलें म्हणजे त्या शहराची मध्यवस्ती भरभराटीस येते काय, असा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आमच्या घरीं घेऊन आला तो आमचा भाचा. त्या वर्षीं जानेवारीच्या १८, १९ व २१ तारखांस नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्यें ‘कोल्डप्ले’ या विलायती वाद्यवृंदाचे तीन जलसे झाले. भाचा पहिल्या दिवशीं तेथें जाऊन आला आणि पुढल्या रविवारीं सकाळींच कागदांची एक चवड घेऊन आमच्याकडे दाखल झाला. नोकरी सोडून उपाहारगृह काढावयाचें हें त्याच्या मनांत पूर्वीपासून होतेंच. आतां स्टेडियमच्या वाटेवर एक गाळा भाड्यानें मिळत होता, आणि अनामत रक्कम भरण्यासाठीं त्यास आमच्याकडून सहा लक्ष रुपये उसने हवे होते. निवृत्तीच्या वेळीं हातीं पडलेल्या पैशांपैकीं ही रक्कम लहान नव्हती.

“मामा, पन्नास हजार माणूस लोटतो हो!” तो म्हणाला. “शंभरांतल्या एकानें मिसळ खाल्ली तरी एका रात्रींत पांचशें बशा जातात.”

हिशेब ऐकून आम्हांस स्फुरण चढलें. आम्ही होकार देणार, इतक्यांत स्वयंपाकघराच्या दारांतून प्रश्न आला, “आणि उरलेल्या दिवशीं रे काय?”

भाच्याजवळ याचें उत्तर नव्हतें. आमच्याजवळहि नव्हतें. परंतु भाच्याची आशा कांहीं त्याची एकट्याची नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. आम्ही बेलापुरास राहतों. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं ‘मार्ग’ या नियतकालिकांत खाडीपलीकडे जोडशहर वसविण्याची कल्पना मांडली, आणि १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन ती मार्गास लागली. राज्यकारभाराच्या कचेऱ्याच खाडी ओलांडून येतील, त्यांच्यामागून व्यापारी येतील व मुंबईवरील भार हलका होईल, अशी त्या योजनेची भिस्त होती. मंत्रालय मात्र होतें तेथेंच राहिलें, आणि उंच कचेऱ्या नरिमन पॉइंटवर चढूं लागल्या. बेलापुराच्या वांट्यास नांव मोठें आलें: ‘मध्यवर्ती व्यापारी केंद्र’. पुढें कोंकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँकेची इमारत अशा मोठ्या कचेऱ्या आल्या. १९९३ सालीं लोकलगाडी आली. दिवसा येथें माणसांस तोटा नसतो. परंतु कचेऱ्या सुटल्या कीं तीच माणसें स्टेशनाकडे वळतात, आणि रविवारीं सायंकाळीं त्या भागांतून फिरावयास निघावें तर आपल्याच पावलांचा आवाज आपल्यास ऐकूं येतो. मग आमच्यासारखीं निवृत्त मंडळी बांकावर बसून म्हणतात, “येथें कांहीं तरी भव्य झालें पाहिजे!” आम्ही स्वतः हें वाक्य अनेक वेळां उच्चारलें आहे.

सौभाग्यवतींच्या प्रश्नानें आम्ही जरा शुद्धीवर आलों, आणि मामाभाचे कॅलेंडर घेऊन दिवस मोजूं लागलों. नेरूळचें स्टेडियम २००८ सालीं खुलें झालें आणि त्याच वर्षीं आय. पी. एल. चा पहिला अंतिम सामना तेथें झाला. २०२२ सालीं साथीच्या भयानें त्या स्पर्धेचे साखळी सामने मुंबई व पुणें परिसरांतच खेळविले गेले, तेव्हां एकट्या या मैदानाच्या वांट्यास २० सामने आले. असा हंगाम नेहमीं येत नाहीं. तरी तोच धरून चाललों तर वर्षाचे ३४५ दिवस शिल्लक राहतात, आणि गाळ्याचें भाडें तर ३६५ दिवसांचें द्यावयाचें! शिवाय पाहुणा कधीं येईल याचा नेम नाहीं. महिला विश्वचषकाचे २०२५ चे सामने नवी मुंबईस आले ते ऐन वेळीं, बंगळूरहून. तेथील चिन्नस्वामी स्टेडियम शहराच्या ऐन मध्यांत आहे. ४ जून २०२५ रोजीं विजयोत्सवाच्या वेळीं त्याच्या दारांत चेंगराचेंगरी होऊन ११ माणसें दगावलीं, आणि ऑगस्ट महिन्यांत तेथील सामने आमच्याकडे वळविण्यांत आले. दुसऱ्याच्या घरच्या दुःखामुळें आपल्याकडे आलेला हा उत्सव. त्याच्या भरंवशावर कोणी दुकान कसें मांडावें?

भाचा मात्र सहजासहजीं हटणारा नव्हता. “एकदां डोळ्यांनीं पाहूं,” असें ठरलें, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंतिम सामन्याचीं तिकिटें काढून आम्ही तिघें नेरूळ स्टेशनावर उतरलों.

पाऊस पडून गेला होता. सामना सुमारें दोन तास उशिरा सुरू झाला, आणि माणसांचा लोंढा मात्र केव्हांपासून वाहत होता. भाच्यानें वाटेवरच्या दुकानांतून कोण काय घेतो तें टिपावयास आरंभ केला. थोड्या वेळानें त्यानें टिपणें सोडून दिलें. स्टेशनांतून निघालेला मनुष्य दारापाशीं पोहोंचेपर्यंत कोठेंहि थांबत नव्हता. बाहेरचें खाणें आंत नेतां येत नाहीं. आंत गेलेला सामना संपेपर्यंत बाहेर येत नाहीं. आणि मध्यरात्रीं बाहेर पडला म्हणजे त्यास शेवटच्या लोकलची चिंता. त्या वाटेवर खरा धंदा होत होता तो झेंडे विकणाऱ्या पोरांचा आणि गालांवर तिरंगा रंगविणाऱ्या बायांचा. त्यांस ना गाळा, ना अनामत. आज नेरूळ, उद्यां दुसरें गांव. भाचा त्यांच्याकडे बराच वेळ पाहत उभा होता. शेवटीं म्हणाला, “मामा, जत्रेचा धंदा खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याचा. माझा तर उंबऱ्याचा.”

आंत काय झालें तें वाचकांस ठाऊकच आहे. भारताच्या मुलींनीं २९८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांवर आटोपला, आणि महिलांचा विश्वचषक प्रथमच आपल्या देशांत आला. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पांच बळी आम्हीं याचि डोळां पाहिले. मध्यरात्रीं शेजारच्या खुर्चीवरील एक अनोळखी आजीबाई सौभाग्यवतींच्या गळ्यांत पडून रडूं लागल्या, आणि सौभाग्यवतींनाहि पदर डोळ्यांस लावावा लागला. घरीं पोहोंचावयास दोन वाजले.

दुसऱ्या दिवशीं वही उघडली. तीन तिकिटें, गाडीभाडें, आंत घेतलेलें पाणी आणि खाणें, असा खर्च ‘करमणूक’ या सदराखालीं मांडला गेला. मग त्यांनीं मागल्या वर्षाचीं पानें काढून आमच्यापुढें धरलीं. दिवाळीच्या सुमारास वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहांत दोन नाटकें पाहावयाचीं, परततांना तेथेंच कोठें तरी थालीपीठ किंवा डोसा खावयाचा, आणि जवळच्या दुकानांतून कांहीं खरेदी करावयाची, असा आमचा परिपाठ. या वर्षीं त्या ओळी कोऱ्या होत्या. सदरांतली रक्कम स्टेडियमच्या तिकिटांतच संपली होती.

“नेरुळास जें दिलें तें वाशीचें राहिलें,” त्या म्हणाल्या. “शहरास नवीन काय मिळालें?”

रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्र्यांनीं १९९७ सालीं संपादिलेल्या ‘स्पोर्ट्स, जॉब्स अँड टॅक्सेस’ या ग्रंथांतील एक मुख्य मुद्दा नेमका हाच आहे. गृहस्थाचा करमणुकीचा पैसा ठराविक असतो. क्रीडांगण झालें म्हणून तो वाढत नाहीं, एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जातो, आणि खेळाडूंच्या व कलावंतांच्या बिदागीच्या रूपानें त्याचा मोठा भाग शहराबाहेरहि जातो. बाल्टिमोर शहरानें १९९२ सालीं बंदराजवळच्या मध्यवस्तींतच बेसबॉलचें क्रीडांगण उभारलें. त्या खेळाचे एका हंगामांत ८१ सामने घरच्या मैदानावर होतात; तरीहि सरकारी पैशाच्या मानानें प्राप्ति थोडीच, असा हिशेब त्या ग्रंथांत मांडला आहे. नेरूळचें स्टेडियम खासगी संस्थेनें बांधलें असल्यामुळें करभाराचा आक्षेप त्यास लागू पडत नाहीं. बाहेरगांवाहून येणारा प्रेक्षक नवा पैसा आणतो, हेंहि खरें. परंतु तो एका रात्रीचा पाहुणा. त्याच्या येण्यानें रविवारची ओसाड सायंकाळ भरून निघत नाहीं.

मग करमणुकीच्या स्थानांचा पेठेस कांहींच उपयोग नाहीं काय? तसेंहि नाहीं. दादरचें शिवाजी मंदिर १९६५ सालीं झालें. तें रस्त्याला लागून उभें आहे. खालीं पुस्तकांचें दुकान, समोर फुटपाथ, पांच मिनिटांवर स्टेशन. नाटकास आलेला मनुष्य अर्धा तास आधीं येतो, पुस्तक चाळतो, फुलांचा गजरा घेतो, चहा पितो. परंतु दादर त्या नाट्यगृहानें वसविलें नाहीं. वसलेल्या दादरास त्या नाट्यगृहानें संध्याकाळ दिली. वाशीचीहि गोष्ट तीच. कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळें यांचे घाऊक बाजार क्रमाक्रमानें मुंबईहून तेथें आले, १९९२ सालीं लोकल आली, घरें भरलीं. मग नाट्यगृहास प्रेक्षक आणि प्रेक्षकांस उपाहारगृह मिळालें. आधीं वस्ती, मग वर्दळ, मग विनोद. हा क्रम उलटा करूं पाहणाऱ्यास इमारत मिळते, पेठ मिळत नाहीं. बेलापुरास भव्य वास्तूपेक्षां कचेऱ्यांच्या जवळ राहतीं घरें, रात्रीं नऊपर्यंत उघडें वाचनालय, सावलीचा फुटपाथ आणि तीन-चारशें खुर्च्यांचें लहानसें नाट्यगृह यांची अधिक गरज आहे, असें आमचें आतां मत झालें आहे. बांकावरच्या मित्रांस तें अद्याप पटलेलें नाहीं.

असें असलें तरी एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. त्या सामन्यानंतर आमच्या सोसायटीच्या आवारांत संध्याकाळीं मुली बॅट घेऊन उतरूं लागल्या आहेत. पूर्वीं त्या मुलांचा खेळ पाहत कठड्यावर बसत. आतां मुलें कठड्यावर बसून आपल्या पाळीची वाट पाहतात. याचा जमाखर्च कोणत्या सदरांत मांडावा हें सौभाग्यवतींनाहि सुचलेलें नाहीं. क्रीडांगण हवें तें यासाठीं. पेठेचें भाडें त्याच्या अंगावर टाकणें हा त्याच्यावरहि अन्याय आहे.

भाच्यास पैसे दिले, पण सहा लक्ष नव्हेत, दोन. स्टेडियमच्या वाटेवरचा गाळा त्यानें सोडला आणि बेलापुरांतच, एका बाजूस कचेऱ्या व दुसऱ्या बाजूस राहत्या इमारती अशा गल्लींत लहानसें दुकान घेऊन २०२५ च्या दत्तजयंतीस आरंभ केला. दुपारीं कारकून मंडळी जेवतात, संध्याकाळीं शेजारपाजारच्या बाया साबुदाण्याचे वडे बांधून नेतात. पांचशें बशा कधींच जात नाहींत. साठ-सत्तर जातात, पण रोज. रविवारीं तो दुकान उघडें ठेवतो, म्हणून समोरचा वाणीहि आतां ठेवूं लागला आहे, आणि त्या गल्लींतून जातांना आमच्या पावलांचा आवाज आम्हांस पूर्वीइतका ऐकूं येत नाहीं.

उसनवारीचा पहिला हप्ता त्यानें आणून दिला तेव्हां वहींत तो ‘जमा’ बाजूस लिहितां लिहितां सौभाग्यवतींनीं त्यास विचारलें, “आतां पुढचा मोठा सामना आला म्हणजे वडे घेऊन नेरुळास जाणार कीं काय?”

“छे हो मामी,” तो म्हणाला, “त्या दिवशीं दुकान बंद. तिघांचीं तिकिटें मी काढणार आहे.”