बनशंकरी : देवीच्या दारातून पावसाच्या गणिताकडे

बंगळूरला जाणारा मराठी पर्यटक लालबाग पाहतो, विधानसौधासमोर फोटो काढतो, चिकपेटेत रेशमी साड्यांची खरेदी करतो आणि म्हैसूरची गाडी पकडतो. शहराच्या दक्षिणेला असलेल्या बनशंकरीकडे त्याची पावले क्वचितच वळतात. खरे तर या नावाशी अनेक मराठी घरांचे जुने नाते आहे. बनशंकरी कुणाची कुलदेवता, तर कुणाच्या घरी पौषातल्या नवरात्रात पुजली जाणारी शाकंभरी. तिचे मूळ ठाणे बदामीजवळच्या चोळचगुड्ड गावी आहे. तिथले आजचे मंदिर १७५० साली परशुराम आगळे या मराठा सरदाराने बांधले असे सांगतात.

बंगळूरचे मंदिर त्या मानाने अलीकडचे, १९१५ सालचे. कनकपुरा रस्त्याला लागून असलेल्या या देवळात मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी राहुकाळात मोठी गर्दी होते. लोक राहुकाळ टाळतात, इथे मात्र तो साधतात. अर्ध्या कापलेल्या लिंबाची साल उलटी करून त्यात दिवा लावायचा, ही इथली पद्धत. ओळीने तेवणारे ते पिवळे दिवे पाहण्यासारखे असतात.

शाकंभरीची कथा दुष्काळाची आहे. शंभर वर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा देवीने आपल्या अंगातून भाज्या उपजवून लोकांना जगवले, असे पुराण सांगते. म्हणूनच बदामीला पल्लेद हब्ब, म्हणजे भाज्यांचा सण, साजरा होतो आणि देवीला १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात.

पाणी येते शंभर किलोमीटरवरून

देवळाबाहेर पडले की बनशंकरी हे एक भरगच्च उपनगर आहे. पहिली स्टेज, दुसरी स्टेज, तिसरी स्टेज असे त्याचे भाग पडतात. सकाळी फुलांच्या टोपल्या, दर्शिनीत उभ्याउभ्या घेतलेली इडली-कॉफी आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून मेट्रोकडे निघालेली तरुण मंडळी. इंजिनियरिंग कॉलेजेही या भागात बरीच आहेत.

पण या वस्तीला जगवणारे पाणी इथले नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि शहराजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून येते. हारोहळ्ळी आणि ताटगुणी इथल्या पंपांनी ते टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. ही गावे कनकपुरा रस्त्याच्याच वाटेवरची. म्हणजे देवीच्या दारावरून जाणारा रस्ता हीच या शहराच्या तहानेचीही वाट आहे.

२०२३ साली पावसाने दगा दिला. कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. मार्च २०२४ मध्ये बंगळुरात हजारो बोअरवेल आटल्या. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड बसू लागला. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहराच्या पूर्व भागातल्या वसाहती पाण्याखाली गेल्या होत्या. एका वर्षी बुडायचे आणि दुसऱ्या वर्षी टँकरची वाट पाहायची, अशा लहरी पावसाशी जुळवून घ्यायचे तरी कसे? या प्रश्नाचे गणित ज्या ठिकाणी मांडले जाते, तिकडे बनशंकरीहून मेट्रोच हिरव्या मार्गाने घेऊन जाते.

भुईमूग कधी पेरावा?

सँडल सोप फॅक्टरी स्टेशनवर उतरून रिक्षाने थोडे गेले की भारतीय विज्ञान संस्थेचा दाट झाडीचा परिसर लागतो. मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि पुण्यात दोन वर्षे काम करून १९७३ साली इथे आल्या. मान्सूनच्या अभ्यासात त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. जुलै २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मान्सूनचे ढग विषुववृत्ताकडून उत्तरेकडे कसे सरकतात, हे त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवले. पण सर्वसामान्य वाचकाला जवळचे वाटावे असे त्यांचे काम भुईमुगाचे आहे.

बंगळूरच्या उत्तरेला पावगडा आणि त्याला लागून आंध्रातील अनंतपूर. पाऊस जेमतेम. इथल्या शेतकऱ्यांनी बाजरी-ज्वारीसारखी जुनी मिश्र पिके सोडून पैसा देणारा भुईमूग धरला. जुन्या पिकांचे ठोकताळे आजोबा-पणजोबांपासून चालत आलेले होते, पण नव्या पिकाचे ठोकताळे कुणाकडे असणार? भुईमुगाला बियाणे भरपूर लागते आणि ते महाग असते. पेरणी चुकली की पहिला फटका घरातल्या पैशालाच बसतो.

गाडगीळ आणि त्यांचे सहकारी पी. आर. शेषगिरी राव यांनी आधी शेतकऱ्यांनाच विचारले, की तुमच्या हातात कोणता निर्णय आहे? पेरणी कधी करायची, हा त्यातला मोठा निर्णय होता. मग भुईमुगाच्या वाढीचे एक संगणकीय मॉडेल घेतले. रोजचा पाऊस, ऊन, तापमान आणि मातीतली ओल दिली की रोप कसे वाढेल आणि शेंगा किती लागतील याचा हिशेब ते करते. अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी त्यात घातल्या आणि पेरणीची तारीख पुढे-मागे करून पुनःपुन्हा चालवले. निष्कर्ष निघाला, की २२ जून ते १७ ऑगस्ट या काळात केव्हाही पेरता येते, पण मध्य जुलैनंतर पेरल्यास धोका सर्वांत कमी. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आर्द्रा लागल्यापासून मघा लागेपर्यंत मुभा, पण पुष्याची वाट पाहिलेली बरी. पावशा पक्षी ‘पेरते व्हा’ म्हणतो. पेरते कधी व्हायचे, हे इथे संगणकाला विचारले गेले.

प्रोग्रॅमरचे काम

अशी मॉडेले चालती ठेवणारा माणूस म्हणजे शास्त्रीय प्रोग्रॅमर. बँकेचे किंवा दुकानाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यापेक्षा त्याचे काम वेगळे असते. हवामानाच्या मॉडेलात पृथ्वीभोवतीची हवा आणि समुद्र चौकटींत विभागतात. प्रत्येक चौकटीतले तापमान, वारा, बाष्प यांचा हिशेब काही मिनिटांच्या अंतराने पुढे सरकवतात. यातले बरेच प्रोग्रॅम फोरट्रान या १९५० च्या दशकातल्या संगणकीय भाषेत आहेत. नव्या मुलांना ती आजीच्या काळातली वाटते, पण आकडेमोडीत ती अजून तरबेज आहे.

चौकट केवढी, यावर बरेच अवलंबून असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने भारताचे पहिले पृथ्वी-प्रणाली मॉडेल तयार केले. त्यात हवेची चौकट साधारण दोनशे किलोमीटरची आहे. बंगळूर आणि म्हैसूर दोन्ही एकाच चौकटीत मावतील! शंभर वर्षांनंतरच्या जगाचा अंदाज घ्यायला ती चालते. पण एका तालुक्याला किंवा एका नाल्याला उत्तर हवे असेल, तर तो अंदाज बारीक करावा लागतो, प्रत्यक्ष पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो आणि चुका दुरुस्त कराव्या लागतात. मे २०२५ मध्ये याच संस्थेची ‘भारत फोरकास्ट’ प्रणाली सुरू झाली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे. मात्र तिचे काम पुढच्या काही दिवसांचे, शंभर वर्षांचे नव्हे.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. हवेत सुरुवातीचा किंचित फरकही पुढे मोठा होतो, म्हणून तोच प्रोग्रॅम थोडेथोडे बदल करून अनेक वेळा चालवतात. हाती येते ते एक उत्तर नसून शक्यतांचा पट्टा असतो. एकच ठाम आकडा काढून द्यावा, असा मोह होतो आणि तशी मागणीही असते. पण ‘अमुक तारखेला पेरा’ असे छातीठोकपणे सांगून पाऊस चुकला, तर नुकसान संगणकाचे होत नाही. म्हणून धोका किती हे लपवायचे नाही, हीच या कामातली खरी सचोटी.

शहरासाठीही असेच मॉडेल आहे. राज्याचे आपत्ती निरीक्षण केंद्र आणि विज्ञान संस्था यांनी बंगळूरच्या पुराचा अंदाज देणारी व्यवस्था उभारली. ‘बंगळूरु मेघसंदेश’ या ॲपमधून ती नागरिकांपर्यंत पोहोचवली गेली. पाऊस किती पडेल एवढ्याने तिचे भागत नाही. रस्त्यांचा उतार आणि नाल्याची रुंदीही तिला सांगावी लागते. नाला कचऱ्याने अर्धा भरलेला असेल आणि ते तिला ठाऊक नसेल, तर महासंगणकही फसेल. पावगड्याच्या शेतकऱ्याला आधी प्रश्न विचारला म्हणून भुईमुगाचे उत्तर उपयोगी ठरले. इथेही गल्लीतल्या माणसाला आधी विचारावे लागते. मॉडेल कितीही मोठे असो, त्याची किंमत प्रश्न कुणाचा आहे यावर ठरते.

कसे जाल?

मुंबई-पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूरला उतरावे. स्टेशनला लागूनच मॅजेस्टिक मेट्रो स्टेशन आहे. तेथून हिरव्या मार्गाची सिल्क इन्स्टिट्यूटकडे जाणारी गाडी गाडी न बदलता बनशंकरीला नेते. दिव्यांची आरास पाहायची तर मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, शुक्रवारी साडेदहा ते बारा किंवा रविवारी साडेचार ते सहा ही वेळ साधावी. मूळ ठाण्याला जायचे असेल तर बदामी सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर आहे. तिथली जत्रा पौष पौर्णिमेला भरते. त्या दिवसांत राहण्याची सोय आधीच करून ठेवणे चांगले.