व्होल्टेर्राची वेस

इटलींतील डोंगरमाथ्यावरचीं गांवें पाहतांना आमचें लक्ष भव्य घुमटांपेक्षां किरकोळ दगडांकडेच अधिक गेलें. हा आमचा दोष रसिकांनीं खुशाल मानावा. तस्कनी प्रांतांतील व्होल्टेर्रा येथें एट्रुस्कन लोकांची, ख्रिस्तपूर्व काळांतली, एक वेस आहे. तिच्या कमानीवर तीन काळपट दगडी मस्तकें बसविलेलीं आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या वारापावसानें त्यांचें नाक, डोळे, सारें झिजून गेलें आहे. आपल्याकडील वेशीबाहेरच्या तांदळ्यांसारखीं तीं दिसतात. तीं देवांचीं कीं मारलेल्या शत्रूंचीं, याविषयीं पंडित खुशाल भांडोत! आम्हांस तीं निनांवीच बरीं वाटलीं.

१९४४ च्या उन्हाळ्यांत, मागून येणाऱ्या दोस्त सैन्याची वाट अडावी म्हणून, जर्मनांनीं ही वेस सुरुंगानें उडविण्याचें ठरविलें. तेव्हां गांवकऱ्यांनीं वेशीकडे जाणाऱ्या रस्त्याची फरसबंदी उखडली, आणि तेच दगड रचून चोवीस तासांच्या आंत वेस बुजवून टाकली. वाट आपोआपच बंद झाल्यावर ती उडविण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं.

ते दगड आज पुन्हां रस्त्यांत जागच्या जागीं आहेत. त्यांवरून उतरत आम्ही कमानीखालीं आलों, तेव्हां पायांतले जोडे काढावेत कीं काय, असें क्षणभर वाटलें.